गावाकडून निघून बारा दिवसांत, कमी पैशात जास्तीत जास्त देश कसे पाहावेत?

तुमचा प्रश्न असा आहे: दारव्ह्याजवळच्या गावात शेती करता, सोबत मावसभाऊ येणार, कापूस विकून आणि हरभरा काढून झाला की फेब्रुवारीच्या शेवटी बारा दिवस मोकळे आहेत, माणशी सत्तर-ऐंशी हजार लावायची तयारी आहे, आणि युरोप किंवा आशियातले चार-पाच देश एका दमात करायचे आहेत. मी वर्धा जिल्ह्यातला, तुमच्यासारखाच कास्तकार. चुलतभावासोबत असा धावता दौरा केला आहे, म्हणून लिहितो.

भाऊ, चार-पाच नको, तीन करा: थायलंड, मलेशिया, सिंगापूर. शहरं चार घ्या. बँकॉक, पेनांग, क्वालालंपूर, सिंगापूर. सगळी एका रेषेत, वरून खाली, आणि मधलं सगळं रेल्वे-बसने. स्वस्त दौऱ्यात पैसे तिकिटात कमी आणि विमानतळावर ये-जा करण्यात जास्त जातात. विमान दीड तासाचं असलं तरी शहरातून निघणं, तीन तास आधी पोचणं, उतरल्यावर पुन्हा शहरात येणं, यात दिवस गेला. म्हणून देश मोजायचे नाहीत, झोपायच्या रात्री मोजायच्या. एका शहरात दोन रात्री मिळत नसतील तर ते शहर यादीतून काढा.

युरोपचं का नाही म्हणतो? तिकडं फिरणं खरं तर सोपं आहे. व्हिएन्नाहून ब्रातिस्लाव्हा रेल्वेने तासाभरात, बुडापेस्ट अडीच-पावणेतीन तासांत, आणि एकच शेंगेन व्हिसा २९ देशांना चालतो. पण व्हिसाची फी ९० युरो, वर ३० हजार युरोचा प्रवास विमा लागतो, आणि बोटांचे ठसे द्यायला स्वतः केंद्रावर जावं लागतं. आपली खरी अडचण पुढची आहे. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, म्हणून बहुतेक कास्तकारांकडे रिटर्नच नसतं, आणि व्हिसावाले आधी तेच मागतात. सातबारा, कापसाच्या पट्ट्या, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट असं सगळं जोडून फाईल करता येते, होतेही, पण त्याला वेळ द्यावा लागतो. शिवाय तुमच्या पैशात तिकडचं विमानभाडंच निम्मं खाऊन टाकेल. पासपोर्टवर आधी दोन-चार शिक्के पडू द्या, मग तिकडं वळा.

आता घरून निघायचं कसं. सगळे मुंबई म्हणतात. मी म्हणतो मुंबई विसरा. बडनेऱ्याला गीतांजली पकडा, दुसऱ्या दिवशी हावडा. कोलकात्याहून बँकॉक जेमतेम अडीच तास आहे आणि तिकीट मुंबईपेक्षा बहुतेक वेळा स्वस्त पडतं. परत मात्र कोलकात्याला यायचं नाही. सिंगापूरहून चेन्नईचं विमान घ्या आणि चेन्नईहून तमिळनाडू किंवा ग्रँड ट्रंक एक्सप्रेसने थेट नागपूर. म्हणजे एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने बाहेर, मागे फिरणं कुठंच नाही. हावड्याची गाडी किंवा चेन्नईचं विमान लेट होऊ शकतं, म्हणून दोन्हीकडे गाडी आणि विमानाच्या मध्ये निदान सहा-सात तास ठेवा.

बँकॉकला दोन रात्री. नदीवरची नारिंगी झेंड्याची बोट पकडली की राजवाडा, वाट फो आणि वाट अरुण ही देवळं, सगळं काठावरच आहे आणि भाडं पंधरा-वीस बाटच्या (थायलंडचं चलन) आत. राजवाड्याचं तिकीट ५०० बाट आहे. गुडघे आणि खांदे झाकलेले लागतात, बर्म्युडावर आत सोडत नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी मलेशियाच्या सीमेकडे जाणारी रात्रगाडी. जुनी माहिती वाचून हुआ लाम्फोंग स्टेशनावर जाऊ नका. जानेवारी २०२३ पासून लांबच्या गाड्या क्रुंग थेप अपिवत या नव्या स्टेशनातून सुटतात. स्लीपरचं भाडं हजार बाटच्या आसपास आणि खालचा बर्थ वरच्यापेक्षा महाग, पण रुंद. संध्याकाळी गाडीतला माणूस येतो, समोरासमोरच्या दोन सीटा ओढून पलंग करतो, स्वच्छ चादर घालतो, पडदा लावतो. एक रात्रीचं हॉटेल वाचलं आणि हजारेक किलोमीटर गेले.

सकाळी पाडांग बेसार येतं. हे स्टेशन मला सगळ्यात आवडलं. एकाच इमारतीत दोन्ही देशांच्या खिडक्या आहेत. सगळे सामानासकट खाली उतरतात, आधी थायलंडचा बाहेर पडल्याचा शिक्का, पाच-दहा पावलं चालून मलेशियाचा आत आल्याचा. आमच्या पुढे एक म्हातारी बाई फणसाच्या गऱ्यांची पिशवी घेऊन उभी होती. तिने इकडून तिकडे जाताना पिशवी खालीसुद्धा ठेवली नाही. पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा, मलेशियाचं घड्याळ थायलंडच्या एक तास पुढे आहे. आठला उतरलात तर तिथं नऊ वाजलेले असतात, आणि पुढच्या गाडीचं तिकीट मलेशियाच्या वेळेचं असतं. मोबाईलवर विसंबू नका, सीमेवर तो कधी या टॉवरला तर कधी त्या टॉवरला चिकटतो.

तिथून लोकल गाडीने दोनेक तासांत बटरवर्थ आणि मग होडीने पेनांग बेट. जॉर्ज टाऊनचा जुना भाग २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. पायी फिरायचं गाव. चिनी देऊळ, मशीद आणि मारिअम्मनचं मंदिर एकाच रस्त्यावर, आणि इडली-डोसा मिळतो. पेनांगहून क्वालालंपूरला वेगवान रेल्वे चार-साडेचार तास घेते. क्वालालंपूरबद्दल फार लिहीत नाही, जुळे टॉवर रात्री खालून पाहा, वर जायचे पैसे वाचवा. बटू गुहांना मात्र जा. लोकल थेट पायथ्याशी नेते, २७२ पायऱ्या आहेत आणि मुरुगनची मूर्ती ४२ मीटरच्या वर.

सिंगापूरला बसने पाच-सहा तास. दिशा याच कारणाने वरून खाली ठेवली आहे: तेच अंतर सिंगापूरहून मलेशियाकडे आलात तर तिकीट सिंगापूर डॉलरमध्ये पडतं आणि महाग होतं. सीमेवरची छोटी रेल्वे पाहिली की हिशोब कळतो. मलेशियाच्या टोकाच्या जोहोर बारू शहराकडून ५ रिंगिट (मलेशियाचं चलन), उलट ५ सिंगापूर डॉलर, म्हणजे तिप्पट. पाच मिनिटांचा प्रवास! बसमधून दोनदा उतरावं लागतं, दुसऱ्या वेळी सगळं सामान घेऊन. बसचा नंबर फोटो काढून ठेवा, गर्दीत सगळ्या बसा सारख्या दिसतात.

सिंगापुरात झोपणं महाग आहे, बाकी सगळं आटोक्यात येतं. तिथं खोलीचा नाद सोडून होस्टेलचा बेड घ्या, तरी अडीच-तीन हजार रुपये पडतील. बँकॉक-क्वालालंपूरला तोच बेड हजाराच्या आत-बाहेर. लिटल इंडियात टेक्का सेंटरमध्ये पोटभर जेवण होतं आणि गार्डन्स बाय द बेचा दिव्यांचा खेळ रात्री फुकट आहे. विमानं, गाड्या, बेड, खाणं धरून माझ्या अंदाजाने पासष्ट-पंचाहत्तर हजारांत सगळं बसतं. कार्ड घासताना मशीन रुपये की बाट विचारतं, नेहमी तिथलं चलन निवडा. एटीएममधून थोडे थोडे काढू नका, थायलंडमध्ये प्रत्येक वेळी दोनशे बाटच्या वर कापतात.

कागदपत्रं. सिंगापूरचा व्हिसा निघायच्या आधी अधिकृत एजंटकडून काढावा लागतो, सरकारी फी ३० सिंगापूर डॉलर. थायलंड आणि मलेशियाने भारतीयांना व्हिसाशिवाय येऊ दिलं होतं, पण हे नियम आणि मुदती बदलत राहतात, तेव्हा तिकीट काढायच्या दिवशी दूतावासाच्या साईटवर पाहून घ्या. तिन्ही देशांचं आगमन कार्ड मोबाईलवर, पोचायच्या तीन दिवस आत, फुकट भरायचं. शहरातला एजंट त्याचे हजार-पाचशे मागेल, देऊ नका.

मावसभाऊ दहावी पास नसेल तर त्याच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे काही देशांत नोकरीला जाताना सरकारी परवानगी लागते असा शेरा, असू शकतो. फिरायला जायला तो आडवा येत नाही, ती अट नोकरीला जाणाऱ्यांसाठी आहे. पण ती अट लागू असलेल्या देशांच्या यादीत मलेशिया आणि थायलंड दोन्ही आहेत. शिवाय नोकरीच्या आमिषाने पोरं बँकॉकमार्गे म्यानमारच्या फसवणूक केंद्रांत नेल्याची प्रकरणं झाल्यापासून, तरुण पोरं दिसली की आपल्याच विमानतळावरचे अधिकारी जास्त विचारतात. परतीचं तिकीट, चारही शहरांचं बुकिंग आणि थोडे रोख बाट हातात छापील ठेवा. विचारलं तर सरळ सांगा, कास्तकार आहे, फिरायला चाललो.

आणि खर्रा. खिशात, बॅगेत, चपलेत, कुठंच नको. गुटखा, खैनी, जर्दा सिंगापूरमध्ये ऑगस्ट २०१६ पासून बंदीच्या यादीत आहे आणि खर्रा म्हणजे शेवटी तंबाखूच. च्युइंगमसुद्धा १९९२ पासून आणता येत नाही. ज्याला सुटत नाही त्याने बँकॉकच्या आधीच सवय मोडावी, किंवा दौरा क्वालालंपूरला संपवून तिथूनच चेन्नईचं विमान धरावं. आमच्या चुलतभावाने लवंग आणि बडीशेपेवर भागवलं, तोंड मात्र पूर्ण दौराभर वाकडं होतं.

तुमच्याकडे नोव्हेंबरपर्यंत वेळ असेल तर आधी विमानं ठरवा, मग सिंगापूरचा बेड, मग रात्रगाडीचा खालचा बर्थ. चिनी नववर्षाची तारीख तेवढी पाहून घ्या, त्या आठवड्यात मलेशिया-सिंगापूरला बसचं तिकीट मिळत नाही आणि दुकानं बंद असतात.