वाडा भोसल्यांचा की इंग्रजांचा?

प्रश्न: नागपूरच्या महाल भागात आमचं वडिलोपार्जित घर आहे. काका म्हणतात, हा भोसलेकालीन वाडा. मुलगा म्हणतो, पुढची गॅलरी बघा, हे सगळं इंग्रजांच्या काळातलं. कागदपत्रं सापडत नाहीत. खरं कुणाचं? शिवाय खालच्या भिंतींचं प्लास्टर दर पावसाळ्यात सुटतं. त्याचं काय करू? – एक वाचक, महाल

उत्तर: भांडण मिटवते. दोघंही बरोबर असू शकतात, कारण महालातली घरं एका दमात बांधलेली नसतातच. पैसा हाती आला की पुढचा भाग पाडून नवा करायचा आणि मागचा चौक तसाच ठेवायचा, ही जुनी रीत. म्हणून मी अशा घरात शिरले की गॅलरीकडे ढुंकूनही न बघता थेट चौकात जाते.

तिथला एखादा सागवानी खांब नीट बघा. दगडी तळखड्यावर उभा, सुरूच्या झाडासारखा बुडाशी फुगीर आणि वर निमुळता, माथ्याशी केळफुलाचं कोरीवकाम असेल, तर ती मराठा वाड्याची घडण. पण एवढ्यावरून काकांनी मिशीला पीळ देऊ नये. नागपूरचे राजे तिसरे रघुजी भोसले १८५३ मध्ये वारले, पुढच्या वर्षी इंग्रज गव्हर्नर जनरल डलहौसीने राज्य खालसा केलं. म्हणून काही सुतारांनी आपली पटाशी बदलली नाही. तसले खांब पुढेही घडत राहिले.

काळ ठरवायचा तर सामान बघा. आपले जुने कवेलू, म्हणजे कौलं, अर्धगोल, कुंभाराच्या हातचे. चपटं, खाचांचं मंगलोरी कौल असेल तर एक उतरवून उलटं करा. बहुतेक वेळा मागे कारखान्याचं नाव उठलेलं असतं. मंगळूरला अशा कौलांचा कारखाना १८६५ मध्ये निघाला आणि नागपूरला रेल्वे आली १८६७ मध्ये. म्हणजे हे छप्पर त्यानंतरचंच. अर्थात, छप्पर बदलता येतं. तेव्हा माडीवर चढून तुळयांचे सांधे तपासा. लाकडी खुंट्या आणि लोहाराने ठोकलेले चौकोनी खिळे असतील, तर काकांचं पारडं जड. लोखंडी गर्डर आणि गोल तारेचे खिळे दिसले, तर मुलाचं. गॅलरीला सिमेंटची गोलाई आणि आडव्या पट्ट्या असतील, तर ती बहुधा १९३०-४० च्या सुमाराची, आर्ट डेको या त्या काळच्या बांधकामशैलीच्या हौसेतली. तीही जपण्यासारखीच आहे, उगाच नाकं मुरडू नका.

आता प्लास्टर. जुन्या भिंती विटा, माती आणि चुन्याच्या. जमिनीतली ओल त्यांत चढते आणि चुन्यातून उडून जाते. कुणीतरी मध्येच सिमेंट थापलं की ती आत कोंडते, क्षार बाहेर फुगतात आणि पोपडे पडतात. त्यावर पुन्हा सिमेंट किंवा वॉटरप्रूफ रंग फासू नका. सिमेंट खरवडून काढा, भिंत एक अख्खा उन्हाळा उघडी ठेवा (आपल्या मे महिन्याचा तेवढा तरी उपयोग!) आणि मग चुना-सुरखीचा (सुरखी म्हणजे विटांची भुकटी) गिलावा करणारा गवंडी शोधा.

त्याआधी दाराबाहेर बघा. सिमेंट रोड झाल्यापासून रस्ता तुमच्या जोत्याच्या वर गेलाय का? गेला असेल तर पावसाचं पाणी सरळ पायात मुरतंय. ते नालीकडे वळवल्याशिवाय गिलाव्यावर एक रुपयाही घालू नका.