ताई, असल्या सिरियल बघून पोरगी बिघडेल का हो?

मी इथे कॅनडात समुपदेशन करते, आणि टोरांटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन इकडच्या मराठी आयांकडून हा प्रश्न मला इतक्यांदा येतो की आता समोरची बाई खुर्चीत नीट बसायच्या आतच मला अंदाज येतो. मुलगी नववीत गेली, दार लावून फोनवर काहीतरी बघते, डोकावलं तर शाळेतलीच पोरं पण कुणी प्रेग्नंट, कुणी दारू पिऊन गाडी ठोकलेली, कुणी स्वतःचे हात कापतंय. आणि बऱ्याचदा ती सिरियल निघते डिग्रासी, जुने भाग यूट्यूबवर आहेतच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डिग्रासी स्ट्रीट हा टोरांटोतला खराखुरा रस्ता, क्वीन स्ट्रीट ईस्टला लागून. लिंडा शायलर नावाच्या एका शाळाशिक्षिकेने किट हूडबरोबर १९७९ साली त्या नावाने मुलांची मालिका सुरू केली आणि नाव बदलत, पिढ्या बदलत, मधे मोठी सुट्टी घेत ती २०१७ पर्यंत चालली. गोष्ट मुलांच्या बाजूने सांगायची, मोठ्यांनी येऊन शेवटी भाषण ठोकायचं नाही, आणि पंधरा वर्षांच्या पोराचं काम पंचविशीतल्या हिरोला द्यायचं नाही, त्यामुळे चेहऱ्यावरची मुरमंसुद्धा खरी. १९८७ च्या सीझनमधे स्पाइक नावाची आठवीतली मुलगी प्रेग्नंट राहते, आणि २००१ ला नवी मालिका सुरू होते तेव्हा तिचीच मुलगी एमा सातवीत असते. मला तर हे फार आवडतं, पण ते असो.

तर रेवती (नावं, तपशील सगळे बदललेत, आणि दोनतीन घरांच्या गोष्टी मी इथे एकत्र केल्यात). मुलगी अन्वी, चौदा वर्षांची. नवरा म्हणतो बघू दे काय होतंय, सासूबाई साताऱ्याहून आल्यात, त्या म्हणतात फोनच काढून घे.

"तुम्ही बघितलीय का ती सिरियल?" मी विचारलं.

"दोन मिनिटं बघितली. तेवढी पुरली."

"आणि ती दोन मिनिटं बघून मनात काय म्हणालात?"

जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "म्हटलं, गेली पोरगी हातातून."

आता मी विवेकनिष्ठ विचारांच्या मुशीतली, मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस वाचून मोठी झालेली, त्यामुळे माझे कान अशा वाक्यावर लगेच टवकारतात. त्रास सिरियलने दिला नव्हता, या वाक्याने दिला होता, आणि ते खरं आहे का हे रेवतीने एकदाही तपासलं नव्हतं. मी विचारलं पुरावा काय. मार्क नीट, घरी वेळेवर येते, मैत्रिणी त्याच. बिघडल्याचं एकही लक्षण नाही, फक्त गप्प गप्प असते. मी म्हटलं सासूबाई किती वर्षं सिरियलमधली कारस्थानं बघतायत, अजून कुणाच्या दुधात काही घातलं का त्यांनी? हसली. पण हसता हसता म्हणाली, "तरी ताई, तिच्या डोक्यात काय चाललंय ते आई म्हणून मला कळलंच पाहिजे ना." कळलं तर चांगलं, पण कळलंच पाहिजे म्हटलं की आपण मुलीशी बोलणं सोडून तिच्या फोनवर पहारा ठेवायला लागतो.

पुढे अन्वी आली. हुडीच्या बाह्या बोटांपर्यंत ओढलेल्या. सुरुवातीलाच मी मुलांना सांगते की इथलं इथेच राहील, पण तुझ्या जिवाला धोका असेल तर मी गप्प बसणार नाही. ती नुसती मान हलवून बसली. मग मी सिरियलचंच काढलं. तुला कोण आवडतं? एमा. कुठला भाग? पहिलाच. सारखी तोच बघते.

इथे मला खटकलं. मुलं सहसा पुढचे भाग सांगतात, २००४ मधला शाळेतल्या गोळीबाराचा, ज्यात जिमी नावाचा पोरगा जखमी होऊन व्हीलचेअरवर येतो (त्या जिमीचं काम करणारा म्हणजे आजचा रॅपर ड्रेक, हे ऐकून अन्वीचे बाबा नंतर खुर्चीतून उठलेच, रॅप्टर्सच्या बास्केटबॉल मॅचला पुढे बसतो तोच का म्हणून). पहिल्या भागात काय आहे, तर एमा ऑनलाइन भेटलेल्या आपल्या वयाच्या मुलाला भेटायला एकटी हॉटेलवर जाते, आणि समोर येतो एक मोठा माणूस. आई आणि तिचा मित्र स्नेक धावत पोचतात म्हणून ती वाचते.

मी विचारलं, "एमाने आईला आधीच सांगितलं असतं तर?"

"आईने लॅपटॉप काढून घेतला असता."

"मग?"

"मग रोज विचारलं असतं. आणि आजीला पण सांगितलं असतं."

एमाच्या गोष्टीत आजी कुठून आली? मी काहीच बोलले नाही. बाहीचा एक दोरा निघाला होता तो ती बोटाला गुंडाळत राहिली आणि मग तिच्याच लक्षात आलं आपण काय बोललो ते. म्हणाली, "डोन्ट टेल हर येट." डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर एक 'सतरा वर्षांचा' मुलगा होता, आधी गेमबद्दल बोलायचा, मग फोटो मागायला लागला, एक साधा फोटो हिने पाठवला, पुढचे नाही म्हटल्यावर नवीन नवीन अकाउंटवरून मेसेज.

म्हणजे मुलगी ती सिरियल काही शिकायला बघत नव्हती, घरी सांगितलं तर काय होईल याची चाचपणी करत होती! 'मी' म्हणायची हिंमत नसते तेव्हा मुलं 'ती'च्या आडोशाने बोलतात, आणि तो आडोसा आयता मिळवून देणारी वस्तूच आपण बंद करायला निघालेलो असतो. ही गोष्ट त्या दिवशी माझ्या नीट ध्यानात आली आणि तेव्हापासून मी प्रत्येक पालकाला विचारायला लावते, का बघतेस हे नाही, तुला त्यातलं कोण आवडतं आणि त्याच्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस.

आईला सांगायचं अन्वीनेच, माझ्यासमोर, असं ठरलं, आणि लगेच, कारण हे लांबवण्यासारखं नव्हतंच. त्याआधी रेवतीला एवढंच म्हटलं की मुलगी काहीतरी अवघड सांगणारे, तुमचं पहिलं वाक्य काय असेल? तिच्या तोंडून आलं, "फोन दे इकडे." परत. "मी तुला म्हटलं होतं ना." परत. शेवटी कुठे "बरं झालं सांगितलंस" वर आली, आणि खरी वेळ आली तेव्हा रडत रडत का होईना, तेच म्हणाली.

पुढचं काम सरळ होतं. मेसेज डिलीट करायचे नाहीत, आधी स्क्रीनशॉट, मग ब्लॉक, उत्तर नाही, पैसे मागितले तर द्यायचे नाहीत, पोलीस आहेतच आणि इथे कॅनडात सायबरटिप या वेबसाइटवर मुलांच्या अशा ऑनलाइन छळाची तक्रार करता येते. मुलाला आईबापाशी बोलवतच नसेल तर किड्स हेल्प फोन ही मुलांची हेल्पलाइन चोवीस तास चालू असते.

सगळेच भाग सगळ्यांसाठी आहेत असं मात्र मी म्हणत नाही. मूल आधीच स्वतःला इजा करत असेल तर सिरियलमधल्या एली नावाच्या मुलीचे हात कापण्याचे भाग त्याने एकट्याने बघू नयेत, अशा वेळी आधी माझ्यासारख्या कुणाशी बोला. घाबरणारे आपण एकटेच आहोत असंही नाही, अबॉर्शनचे दोन भाग कॅनडात २००४ ला दाखवले पण अमेरिकेतल्या चॅनेलने ते २००६ पर्यंत अडवून ठेवले होते. आणि २००८ नंतरचे सॅव आणि अली भंडारी या देशी बहीणभावाचे भाग जमलं तर सोबत बघाच, घरचे कडक, बाहेर लपवून प्रेम, सॅवसाठी आईवडिलांनी ठरवलेली मुलगी. फक्त पॉज करून लेक्चर द्यायचं नाही, आणि हे आपल्या लोकांना सगळ्यात जड जातं.

रेवती आता स्वतःच तिसऱ्या सीझनला पोचलीय. त्यातल्या क्रेग नावाच्या पोरावरून दोघींचं जोरात भांडण चालू आहे, एकाच वेळी दोन मुलींना फिरवतो म्हणून रेवतीला त्याच्या दोन कानाखाली द्यायच्यात, आणि अन्वी म्हणते आई, त्याचा बाप मारायचा गं त्याला, तू दुसरा सीझन नीट बघितलाच नाहीस.