शेजारच्या आजींनी मेनोनाईट चर्चचं पत्रक दिलंय. आम्ही हिंदू आहोत, जावं का?

जरूर जा. फक्त पहिल्यांदाच रविवारी जाऊ नका. पत्रकात बुधवारी सकाळी ‘कम्फर्टर नॉटिंग’ (गाठी मारून पांघरुणं करायचं काम) लिहिलंय ना, तिथे आधी जा.

तुम्ही लिहिलंय की कॅनडातल्या किचनरला येऊन पाच महिने झाले, शेजारच्या आजींनी त्यांच्या चर्चचं नोव्हेंबरचं पत्रक हातात ठेवलं, आणि त्यातली निम्मी नावं कळत नाहीत. गेलो तर धर्म बदला म्हणतील का आणि न गेल्यास आजींना वाईट वाटेल का, हे तुमचे दोन खरे प्रश्न. मी मूळची मिरजेची, शेजारच्या वॉटर्लूत बारा वर्षं राहते. अशाच एका मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, माझं जाणं-येणं आहे. मी बाप्तिस्मा घेतलेला नाही आणि घरात गणपती बसतो, हे तिथे सगळ्यांना माहीत आहे.

मेनोनाईट हा ख्रिस्ती लोकांतला एक पंथ. आधी एक गैरसमज दूर करते. सेंट जेकब्सच्या बाजारात किंवा एल्मायराच्या रस्त्यावर काळ्या कपड्यांत घोडागाडी हाकणारे लोक तुम्ही पाहिले असतील. तेही मेनोनाईटच, पण जुन्या वळणाचे. तुमच्या आजींची मंडळी वेगळी. तिथे जीन्स घातलेले लोक भेटतील, पाळक बाई असू शकते, आजारी माणसांसाठी उपासना ऑनलाइन दाखवली जाते. वॉटर्लू विद्यापीठाच्या आवारातलं कॉनरॅड ग्रेबेल कॉलेज याच लोकांनी 1963 साली काढलं. आपली बरीच मराठी मुलं त्याच्यासमोरून रोज जातात.

आता धर्म बदलायची भीती. बारा वर्षांत मला कुणी तसं म्हणालेलं नाही, आणि त्याला कारण आहे. 21 जानेवारी 1525 ला झुरिकमध्ये मोजक्या लोकांनी ठरवलं की तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देऊन उपयोग नाही, माणसानं मोठं होऊन, समजून-उमजून, स्वतःच्या मनानं तो घ्यायला हवा. त्यांनी एकमेकांना नव्यानं बाप्तिस्मा दिला. यापायी झुरिकच्या सत्ताधाऱ्यांनी फेलिक्स मान्झला जानेवारी 1527 मध्ये लिमाट नदीत बुडवून मारलं. पुढे नेदरलँड्समधल्या मेनो सिमन्स या धर्मगुरूनं 1536 मध्ये आपलं पद सोडलं आणि तो या लोकांना येऊन मिळाला. त्याच्यावरून हे नाव पडलं. धर्माच्या बाबतीत बळजबरी केली की काय होतं, हे या लोकांना घरातल्या गोष्टींसारखं लहानपणापासून ऐकायला मिळतं. त्यामुळे ते तुम्हाला बोलावतील, तुमच्यासाठी प्रार्थना करतील, बायबलबद्दल विचारलंत तर मनापासून सांगतील, पण मागे लागणार नाहीत. तुमचा मुलगा तिथे वाढला तरी त्याला कुणी धरून बाप्तिस्मा देणार नाही. त्यांच्या स्वतःच्या मुलांनाही देत नाहीत.

हे मिशनरी काम करत नाहीत असं मात्र नाही. 1897 च्या दुष्काळात अमेरिकेतल्या मेनोनाईटांनी आपल्याकडे मदत पाठवली आणि 1899 साली त्यांचे लोक धमतरीला येऊन राहिले. तेव्हा धमतरी मध्य प्रांतात होतं, म्हणजे राजधानी आपलं नागपूर. आता ते छत्तीसगडमध्ये आहे. तिथलं त्यांचं ख्रिश्चन हॉस्पिटल आजही चालू आहे आणि भारतात मेनोनाईट मंडळ्याही आहेत. माझ्या मंडळीतल्या एका वृद्ध बाईंनी मी भारतातली म्हटल्यावर पहिला प्रश्न विचारला तो धमतरीचा. मला धमतरी नकाशावर शोधावं लागलं होतं.

पत्रकातल्या नावांकडे येते. ‘एमसीसी’ म्हणजे मेनोनाईट सेंट्रल कमिटी. 1920 साली आजच्या युक्रेनमध्ये दुष्काळात उपाशी मरणाऱ्या माणसांसाठी ही संस्था सुरू झाली. त्या पत्रकातल्या निम्म्या गोष्टी कुठल्या ना कुठल्या वाटेनं एमसीसीकडे जाऊन पोचतात. शाळेच्या पिशव्या भरणं हे त्यातलंच. नाडीच्या कापडी पिशवीत वह्या, पेन्सिली, पट्टी, रंगीत खडूपेन्सिली, खोडरबर. हे काम मुलांना फार आवडतं. ‘रिलीफ किट’ झाकणाच्या बादलीत भरतात, टॉवेल, साबण, दात घासायचे ब्रश वगैरे, म्हणजे सामान संपलं तरी पाणी भरायला बादली उरते. ‘रिलीफ सेल’ हा 1967 साली इथून जवळच्या न्यू हॅम्बर्गला सुरू झालेला मोठा लिलाव. हातानं शिवलेल्या क्विल्ट, म्हणजे गोधड्या, तिथे विकतात आणि पैसे एमसीसीला जातात. तो मे महिन्यात असतो, पण तयारी आतापासून चालते म्हणून नाव आलंय. तारीख आणि जागा पत्रकातली धरा.

आता बुधवार. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे.

तळघरातल्या हॉलमध्ये लाकडी चौकटीवर कापड ताणून बसवलेलं असतं. वर लोकांनी दिलेल्या कापडांच्या चौकोनी तुकड्यांचा थर, खाली साधं कापड, मध्ये बॅटिंग, म्हणजे कापसासारखी पसरट गादी. चौकटीच्या चारही बाजूंना खुर्च्या मांडून बायका बसतात, दोन-तीन निवृत्त पुरुषही असतात. जाड सुईनं दोरा खाली घालायचा, वर काढायचा, गाठ मारायची, एकदा उजवीवरून, एकदा डावीवरून, मग दोन बोटं दोरा ठेवून कापायचा. थोडं सरकायचं आणि पुढची गाठ. काठ झाले की गुंडाळत गुंडाळत मधोमध यायचं. क्विल्ट म्हणजे सबंध टाके घातलेली, ती लिलावाला. कम्फर्टर म्हणजे गाठी मारलेली, ती पांघरायला, जिथे लढाईनं किंवा भूकंपानं घरं गेलीत तिथे. सीरिया, जॉर्डन, युक्रेन इथे त्या जातात.

पहिल्या दिवशी मी तिथे बसले आणि मला आजीच्या हातची गोधडी आठवली. जुनं नऊवारी आत, धोतर मध्ये, आणि दुपारभर चाललेला धावदोरा. मी सवयीनं धावदोराच घालायला लागले. शेजारच्या बाईंनी माझा हात थांबवला नाही. ओळ पूर्ण होऊ दिली, त्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, हे कुठे शिकलीस? मी सांगितलं. मग म्हणाल्या, तुझे टाके सुंदर आहेत, पण आपल्याला दुपारपर्यंत दोन गोधड्या पूर्ण करायच्या आहेत, गाठ लवकर होते. ती एक ओळ त्यांनी उसवली नाही. ती गोधडी तशीच गेली. कुणाच्या तरी अंगावर ती असेल, एका कडेला मिरजेचा धावदोरा आणि बाकी सगळ्या गाठी.

2020 साली एमसीसीला शंभर वर्षं झाली तेव्हा 18 जानेवारीला ठिकठिकाणच्या मंडळ्यांनी मिळून 6,500 कम्फर्टर करायचं ठरवलं होतं. आमच्या हॉलमध्ये त्या दिवशी उभं राहायला जागा नव्हती. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची, चौकटीखाली बसून सुया वर ढकलत होती.

‘पॉटलक’ तुम्हाला ठाऊकच असेल, प्रत्येकानं एक पदार्थ आणायचा. शाकाहारी असाल तर काळजी नको, काहीतरी मिळतंच, आणि मसालेभात नेलात तर भांडं रिकामं परत येईल. फक्त शेंगदाण्याचं कूट घातलेलं काही नेऊ नका. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली मुलं असतात. साबुदाण्याची खिचडी मी म्हणूनच कधी नेत नाही. पदार्थात काय-काय आहे त्याची चिठ्ठी भांड्याला लावा.

‘जॉइज अँड कन्सर्न्स’ रविवारी असतं. माईक फिरतो आणि लोक उठून सांगतात, नात झाली, नोकरी गेली, गुडघ्याचं ऑपरेशन मंगळवारी आहे. मग सगळ्यांसाठी प्रार्थना होते. एक लक्षात ठेवा. तिथे सांगितलेलं पुढच्या ईमेलमध्ये छापलं जाऊ शकतं, तेव्हा घरातली गोष्ट गुप्त ठेवायची असेल तर पाळकांना वेगळं भेटून सांगा. गाणी चार सुरांत, बरीचशी वाद्यांशिवाय गातात. वार्षिक सभा आणि अंदाजपत्रक सदस्यांसाठी, ते सोडून द्या.

11 नोव्हेंबरला कॅनडाभर युद्धात गेलेल्या सैनिकांच्या आठवणीसाठी कपड्यांवर लाल पॉपीचं फूल लावतात. या लोकांत बरेच जण वेगळं बटण लावतात, त्यावर लिहिलेलं असतं की स्मरण म्हणजे शांततेसाठी काम करणं. सैन्यात जायचं नाही ही त्यांची जुनी भूमिका आहे. आपल्यापैकी ज्यांच्या घरात फौजी आहेत त्यांना हे खटकू शकतं. माझे काका लष्करात होते आणि मी तसं स्पष्ट सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, वाद घातला नाही.

पत्रकात निर्वासित कुटुंबासाठी मदत मागितली असेल तर तिथे तुमचा खरा उपयोग होईल. कॅनडात सामान्य लोकांच्या गटांनी निर्वासितांना प्रायोजित करण्याचा पहिला करार सरकारनं 5 मार्च 1979 ला एमसीसीशीच केला, व्हिएतनामहून लोक बोटींतून निघाले होते तेव्हा. आमच्याकडे एक अफगाण कुटुंब आलं. आईला इंग्रजी येत नव्हतं, पण पाकिस्तानात राहिल्यामुळे उर्दू येत होती. दातांच्या डॉक्टरकडे मी हिंदीत दुभाषी म्हणून गेले. तुम्हाला हिंदी येतं हे आजींना आवर्जून सांगा.

राहिला ‘एटर्निटी संडे’. आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या आधीचे काही आठवडे, सुरू व्हायच्या आधीचा रविवार. वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचतात आणि प्रत्येकासाठी एक मेणबत्ती लावतात. मे 2021 मध्ये माझे वडील मिरजेत कोविडनं गेले. कॅनडानं 22 एप्रिलपासून भारतातून येणारी थेट विमानं बंद केली होती, मुलगी लहान, गेले असते तर परत कधी येणार हे कळत नव्हतं. मी गेले नाही. तेराव्यापर्यंत रोज संध्याकाळी कुणीतरी दारात जेवणाचा डबा ठेवून, बेल वाजवून, लांब उभं राहायचं आणि हात हलवून जायचं. मांस चालत नाही हे त्यांनी आपापसात कळवून ठेवलं होतं. नोव्हेंबरमध्ये पाळकांचा फोन आला. तुझे वडील आमच्या धर्माचे नव्हते हे माहीत आहे, तुला चालणार असेल तर त्यांचं नाव वाचू का, आणि त्याचा उच्चार नीट शिकव. फोनवर त्यांनी ते सात-आठ वेळा म्हणून पाहिलं. रविवारी बरोबर म्हटलं. मेणबत्ती मी लावली.

तेव्हा आजींना वाईट वाटेल का, तर नाही गेलात म्हणून त्या रुसणार नाहीत. पण बुधवारी त्या गाडीनं जाणारच असतील, त्यांनाच विचारा, मला न्याल का? सुई-दोरा तिथे असतो. चष्मा लागत असेल तर तेवढा न्या. आणि घरात जुन्या सुती साड्या किंवा ओढण्या पडून असतील तर धुऊन न्या. कम्फर्टरला सुती कापड चालतं, रेशीम नाही.