तीन संघांचा काल्पनिक ट्रेड: आधी प्रत्येक संघाची निव्वळ ओळ मांडा

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमधल्या ट्रेडचा, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीचा, तुमचा प्रस्ताव असा आहे. जुलैअखेरीस, डेडलाइनच्या तोंडावर, विजेतेपदाचा दावेदार संघ नव्याने उभारणी करणाऱ्या संघाकडून ३३ वर्षांचा स्टार्टर (सामन्याची सुरुवात करणारा पिचर, म्हणजे चेंडूफेक करणारा) घेतो. त्याचा पगार वर्षाला २ कोटी २० लाख डॉलर आणि करार पुढच्या मोसमाअखेरपर्यंत. त्या बदल्यात दावेदार डबल-एमधला (खालच्या मायनर लीगची वरून दुसरी पायरी) २१ वर्षांचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) देतो, ज्याची ग्रेड स्काउटिंगच्या २० ते ८० पट्टीवर ५० आहे. दावेदाराचा २७ वर्षांचा आउटफिल्डर (मैदानाच्या बाहेरच्या भागातला क्षेत्ररक्षक) तिसऱ्या, मधल्या फळीतल्या संघाकडे जातो, आणि तिसरा संघ ट्रिपल-एमधला (मेजर लीगच्या लगेच खालची पायरी) ४५ ग्रेडचा पिचर उभारणीवाल्यांना देतो. असा ट्रेड जमेल का, हा तुमचा प्रश्न.

या रूपात नाही जमणार. तिन्ही संघांच्या गरजा तुम्ही बरोबर ओळखल्या आहेत, पण आकडे मांडल्यावर दावेदार संघ अक्षरशः लुटला जातो.

बहुसंघी ट्रेडमध्ये कोण कुठून कुठे गेला याचे बाण काढत बसलं की डोळे फसतात. प्रत्येक संघासाठी एकच ओळ लिहा: काय आलं, काय गेलं, निव्वळ किती. सगळ्या ओळींची बेरीज शून्य यायलाच हवी. नाही आली तर एखादा खेळाडू दोनदा मोजला गेलाय किंवा सुटलाय.

किंमत काढायची रीत सोपी आहे. सहज मिळणाऱ्या बदली खेळाडूच्या तुलनेत तो किती जादा विजय देईल (वॉर) त्याला एका विजयाच्या बाजारभावाने गुणायचं आणि उरलेला पगार वजा करायचा. इथे एका विजयाला ८० लाख डॉलर धरतो. ७५ किंवा ९० लाख धरलेत तरी चालेल, फक्त तिन्ही संघांना तोच भाव लावा.

स्टार्टर वर्षाला ३ वॉरचा असेल तर उरलेल्या एक तृतीयांश मोसमात १. पुढच्या वर्षी वयाचा अर्धा विजय कापून २.५. एकूण ३.५, म्हणजे २ कोटी ८० लाख. उरलेला पगार ७३ लाख अधिक २ कोटी २० लाख, म्हणजे २ कोटी ९३ लाख. शिल्लक उणे १३ लाख. चांगला पिचर आहे, पण त्याची पूर्ण किंमत पगारातच फिटते. प्रॉस्पेक्ट (मायनर लीगमधला होतकरू खेळाडू) देऊन वर तोच पगार उचलणं म्हणजे एकाच मालाचे दोनदा पैसे मोजणं. असे प्रस्ताव सर्वात जास्त इथेच चुकतात, कारण लोक नाव आणि इआरए (पिचरने दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा) बघतात, करार बघत नाहीत.

आउटफिल्डरचं उलट आहे. वर्षाला २ वॉर आणि संघाच्या ताब्यात (स्वतःहून दुसरीकडे जाता येत नाही तोवर) अजून सव्वादोन वर्षांहून थोडा जास्त काळ. एकूण ४.६७ वॉर, ३ कोटी ७३ लाख. आर्बिट्रेशनमधला (लवादाच्या पद्धतीने ठरणारा) पगार उरलेल्या मोसमाचे १३ लाख, मग ६५ लाख, मग ९५ लाख असा धरला तर १ कोटी ७३ लाख. शिल्लक २ कोटी. तुमच्या प्रस्तावातला सर्वात मोलाचा मेजर लीग खेळाडू हाच आहे, आणि तुम्ही तो जवळपास फुकट दिलाय.

प्रॉस्पेक्टला ढोबळ भाव लावावा लागतो. ५० ग्रेडच्या फलंदाजाला २ कोटी ८० लाख, ४५ ग्रेडच्या फलंदाजाला ६० लाख, त्याच ग्रेडच्या पिचरला ४० लाख. पिचरचा भाव कमी, कारण कोपर आणि खांद्याच्या दुखापती. ग्रेडची पायरी सरळ चढत नाही हे पक्कं लक्षात ठेवा. ४५ ग्रेडचे चार जण मिळून एक ५० ग्रेडचा होत नाही. त्या चौघांना चार जागा लागतात आणि त्यातले बरेच जण मेजर लीगमध्ये टिकत नाहीत.

आता ओळी. दावेदार: गेले ४ कोटी ८० लाख, आले उणे १३ लाख, निव्वळ उणे ४ कोटी ९३ लाख. उभारणीवाले: अधिक ३ कोटी ३३ लाख. तिसरा संघ: अधिक १ कोटी ६० लाख. बेरीज शून्य, म्हणजे गणित बरोबर, सौदा चूक. दावेदाराला ऑगस्ट-सप्टेंबरमधला एक विजय इतरांपेक्षा महाग असतो हे खरं, पण त्यासाठी ५० लाख ते १ कोटीपर्यंत घाटा सोसावा, पाच कोटी नव्हे.

दुरुस्ती अशी करा. शॉर्टस्टॉप बाजूला काढा. उभारणीवाल्यांनी स्टार्टरच्या पगारातले १ कोटी २० लाख स्वतः भरावेत, म्हणजे त्याची किंमत अधिक १ कोटी ७ लाख होते. त्यांना दावेदाराकडून ४५ ग्रेडचा फलंदाज आणि तिसऱ्या संघाकडून तो पिचर, म्हणजे १ कोटी. आउटफिल्डर घेणाऱ्या तिसऱ्या संघाने दावेदाराला एक रिलिव्हर (सामन्याच्या मध्ये बदली येणारा पिचर, शिल्लक साधारण ६२ लाख) द्यावा आणि खालच्या लीगमधला ४५ ग्रेडचा फलंदाजही. मग दावेदार उणे ३१ लाख, तिसरा अधिक ३८ लाख, उभारणीवाले उणे ७ लाख. इथून खरी घासाघीस सुरू होऊ शकते.

पैशांचा मुद्दा दावेदार लक्झरी टॅक्सच्या (संघाचा एकूण पगार ठरावीक आकड्यावर गेला की लागणारा कर) मर्यादेवर असेल तर आणखी धारदार होतो. २०२५ साठी ती मर्यादा २४ कोटी १० लाख डॉलर होती. सलग तिसऱ्या वर्षी वर असलेल्या संघाला जादा प्रत्येक डॉलरमागे किमान ५० सेंट कर पडतो. दोन्ही मोसम तसेच गेले तर २ कोटी ९३ लाखांचा स्टार्टर जवळपास ४ कोटी ४० लाखांना पडेल. अशा संघाला समोरून आलेली रोकड एखाद्या प्रॉस्पेक्टहून जास्त कामाची.

तिसरा संघ कशाला, हेही प्रत्येक वेळी विचारा. दोघांत सौदा होत असेल तर तिसरा उगाच. जुलै २०२४ मध्ये कार्डिनल्सना स्टार्टर हवा होता आणि तसा स्टार्टर, एरिक फेडी, व्हाइट सॉक्सकडे होता. पण त्या मोसमात १२१ सामने हरलेल्या व्हाइट सॉक्सना कार्डिनल्सच्या टॉमी एडमनसारखा तयार खेळाडू घेऊन काय करायचं होतं? म्हणून तिसऱ्या, डॉजर्स संघाने मिगेल व्हार्गास आणि दोन तरुण त्यांना दिले, आणि एडमन व व्हाइट सॉक्सचा पिचर मायकेल कोपेक आपल्याकडे घेतले. एडमन मनगटाच्या शस्त्रक्रियेमुळे तोवर त्या मोसमात एकही सामना खेळला नव्हता. ऑक्टोबरमध्ये तोच नॅशनल लीग चॅम्पियनशिप मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

मधल्या संघाने नुसतं उभं राहून जास्त कमावण्याचं ठळक उदाहरण डिसेंबर २०२२ चं. कॅचर (फलंदाजामागे उभा राहून चेंडू झेलणारा) शॉन मर्फी ओकलंडहून अटलांटाला गेला, आणि मिलवॉकीने एस्तेउरी रुइझ एवढाच देऊन विल्यम कॉन्ट्रेरास, जोएल पायाम्प्स आणि जस्टिन यीगर मिळवले. रुइझने २०२३ मध्ये ६७ बेस चोरले (फटक्याची वाट न बघता धावून पुढचा बेस गाठला), पण कॉन्ट्रेरासने २०२३ आणि २०२४ अशी दोन्ही वर्षं सिल्व्हर स्लगर (आपल्या जागेवरच्या सर्वोत्तम फलंदाजाचा पुरस्कार) जिंकलं, तेही पाच वर्षं ताब्यात असलेला कॅचर म्हणून. तुमच्या मूळ प्रस्तावात तिसऱ्या संघाला नेमकी अशीच लॉटरी लागत होती.

मग जागांचा हिशेब. दुरुस्त रूपात दावेदाराच्या ४० जणांच्या रोस्टरवर (संघाच्या खेळाडूंची राखीव यादी) स्टार्टर आणि रिलिव्हर येतात, आउटफिल्डर जातो. म्हणजे एकाला काढावंच लागेल, आणि तो वेव्हरवर (इतर संघांना मागता येईल अशा यादीवर) दुसऱ्याच्या हाती लागला तर तेही नुकसान. उभारणीवाल्यांकडे एक गेला, एक आला. पण मिळालेला फलंदाज यंदा रूल ५ साठी, म्हणजे ४० बाहेरचे खेळाडू इतर संघांना उचलू देणाऱ्या निवडीसाठी, पात्र होत असेल (१८ व्या वर्षी किंवा आधी करार केलेला पाच मोसमांनंतर, १९ किंवा पुढे केलेला चारनंतर) तर नोव्हेंबरमध्ये त्यालाही ४० मध्ये घ्यावं लागेल. ट्रिपल-एच्या पिचरची किती ऑप्शन वर्षं (वेव्हरशिवाय मायनर लीगमध्ये पाठवता येईल अशी) उरलीत तेही तपासा. तिन्ही संपली असतील तर पुढच्या एप्रिलमध्ये तो मेजर लीगच्या २६ जणांत हवा, नाहीतर वेव्हरवर, आणि मग ४० लाखांची किंमत निम्मी धरा.

स्टार्टरची मेजर लीगमध्ये १० वर्षं सेवा झाली असून शेवटची ५ याच संघाकडे असतील तर त्याच्या संमतीशिवाय काहीच होत नाही. याच वर्षी ड्राफ्ट झालेला (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत घेतलेला) खेळाडू वर्ल्ड सिरीज संपेपर्यंत ट्रेडमध्ये देता येत नाही. ट्रे टर्नर डिसेंबर २०१४ च्या तीनसंघी ट्रेडमध्ये ‘नंतर जाहीर होणारा खेळाडू’ म्हणून नॅशनल्सना दिला गेला, पण प्रत्यक्षात जून २०१५ पर्यंत पाद्रेसच्याच मायनर संघांत खेळत राहिला. त्या ट्रेडनंतरच नियम आजच्या रूपात आला. आणि स्टार्टरचा करार याच वर्षी संपणारा असता तर आणखी एक गोष्ट वजा करावी लागली असती: मोसमाच्या मध्यात संघ बदललेल्या खेळाडूला क्वालिफाइंग ऑफर (करार संपणाऱ्याला त्याच्या संघाने देऊ केलेला एका वर्षाचा करार) देता येत नाही, त्यामुळे तो निघून गेल्यावर भरपाईचा ड्राफ्ट पिक मिळत नाही.

पुढच्या वेळी प्रस्ताव मांडताना प्रत्येक नावापुढे चार गोष्टी लिहा: वय, उरलेला पगार, ताब्यातली वर्षं आणि उरलेले ऑप्शन. तेवढं असलं की पाच मिनिटांत ओळी मांडून होतात.