पोलिश पद्धतीचं बटाट्याचं सॅलड 12 माणसांसाठी कसं करायचं?

तुमचा प्रश्न वाचला, की लग्न होऊन पोलंडमध्ये व्रोत्स्वाफला आलात, या ईस्टरला सासरी 12 माणसं जमणार आहेत आणि सासूबाईंनी सॅलड तुमच्यावर सोपवलंय, शिवाय पुण्याहून आईबाबा येतायत आणि ते अंडं खात नाहीत. आधी हे सांगते की सासूबाईंनी सॅलड करायला सांगितलं म्हणजे त्यांनी तुम्हाला घरातलं मानलंय. इथे हे सॅलड ज्याच्या त्याच्या घरचं असतं, प्रत्येकाला आपल्या आईच्या हातचंच खरं वाटतं, आणि ते सहजासहजी दुसऱ्याच्या हातात देत नाहीत. मी 14 वर्षं पोझनानला आहे, नवरा इथलाच, आणि मला ते करायला मिळालं लग्नानंतर तिसऱ्या वर्षी.

नाव आधी नीट लक्षात ठेवा, दुकानात आणि घरात उपयोगी पडेल. बरेच लोक याला सवात्का याझिनोव्हा म्हणतात, म्हणजे भाज्यांचं सॅलड, काही घरांत नुसतं बटाट्याचं सॅलड म्हणतात. आपल्याकडे लग्नाच्या बुफेत जे रशियन सॅलड असतं ना, क्रीम घातलेलं, गोडसर, अननसाच्या फोडी असलेलं, ते डोक्यातून काढून टाका. या सॅलडचं मूळ रशियातलंच आहे म्हणतात, मॉस्कोत 1860 च्या दशकात ऑलिव्हिए नावाच्या शेफने हर्मिटेज रेस्टॉरंटमध्ये जे सॅलड गाजवलं त्याच्यात शिकारीच्या पक्ष्याचं मांस वगैरे महागाचं सामान असायचं, पुढे घराघरात पोचेपर्यंत ते बटाटा, गाजर, मटारवर आलं. पोलिश घरात त्यात सहसा मांस नसतं, आणि दोन कंद असतात जे आपल्याकडे सहसा मिळत नाहीत, सेलरीचा कंद आणि पार्सलीचं मूळ. सॅलडचा जो वास घरभर येतो तो या दोघांचा. बाजारात सुपाच्या भाज्यांची जुडी मिळते, गाजर, पार्सली मूळ, सेलरीचा कंद, लीक (जाड पातीच्या कांद्यासारखी भाजी) एकत्र बांधलेले, तिला व्वोश्चिज्ना म्हणतात, शब्दाचा अर्थ इटलीच्या गोष्टी असा काहीसा, आणि याचं श्रेय लोक बोना स्फोर्झा राणीला देतात जी 1518 मध्ये इटलीतून लग्न होऊन इथे आली. परदेशातून लग्न करून आलेली बाई आणि तिच्या नावावर इथलं रोजचं सूप, मला हे फार आवडतं.

आता 12 जणांचं प्रमाण. बटाटे 1 किलो, गाजर अर्धा किलो, पार्सली मूळ 2, सेलरीचा कंद साधारण 200 ग्रॅम, अंडी 8, आंबवलेल्या काकड्या 6 ते 7 मध्यम, मटारचे 2 डबे, आंबटसर कडक सफरचंद 2, लीकचा पांढरा भाग किंवा एक छोटा कांदा, मेयोनीज 350 ते 400 ग्रॅम, मोहरीची पेस्ट दीड चमचा, मीठ, मिरपूड. पहिल्यांदा वाटेल की फार झालं, पण ईस्टरच्या सकाळी नाश्ता म्हणून जे जेवण सुरू होतं ते दुपारपर्यंत चालतं आणि सोमवारीपण सुट्टी असते, उरलं तरी ते उरवायलाच केलेलं असतं.

बटाटा बघून घ्या. इथे पाकिटावर ए, बी, सी असं लिहिलेलं असतं, ए म्हणजे सॅलडचा, शिजला तरी घट्ट राहणारा, सी म्हणजे पिठूळ, कुस्करायला चांगला. तुम्हाला ए हवाय. पोझनानमध्ये बटाट्याला पिरा म्हणतात आणि इथल्या लोकांना त्याचा फार अभिमान आहे, तुमच्याकडे हा शब्द चालेलच असं नाही, तिथे झेम्न्याकी मागा. आणि सालासकट शिजवा, गार पाण्यातच घालून गॅस लावा, थोडं मीठ. गाजर आणि कंद वेगळ्या पातेल्यात, कारण त्यांना जास्त वेळ लागतो आणि एकत्र टाकलं तर बटाटा फुटतो. सुरी सहज आत गेली पण फोड सुटली नाही एवढंच शिजवायचं. भाजी जरा जास्त शिजली तर सॅलडचा लगदा होतो आणि मग काही करता येत नाही. बऱ्याच बायका रविवारच्या चिकन सुपातलीच गाजरं आणि कंद वापरतात, चव छान येते, पण तुमचे आईबाबा असतील तर सुपातलं घेऊ नका.

आणि आता मुख्य गोष्ट. सगळं पूर्ण गार होऊ द्या. पूर्ण म्हणजे पूर्ण, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलेलं सगळ्यात बरं. पहिल्यांदा मी गरम बटाटा चिरला, मेयोनीज घातलं, ते पातळ होऊन खाली तेल सुटलं आणि वर नुसता चिकट पदार्थ राहिला. सासूबाई काही बोलल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली आणि शेजारी बसवून पुन्हा सगळं चिरायला घेतलं. त्या दिवशी मला कळलं की यात खरं काम चिरण्याचं आहे. त्यांचं माप मटारचा दाणा. बटाटा, गाजर, काकडी, अंडं, सफरचंद, सगळं त्या दाण्याएवढं, म्हणजे एका चमच्यात सगळ्याचा एकेक तुकडा आला पाहिजे. बटाटा मोठा आणि गाजर बारीक असं झालं तर चमच्यात नुसता बटाटा येतो, मग खाणाऱ्याला वाटतं मीठ कमी आहे, आणि तसं नसतं. जाळीवर दाबून चिरायचं यंत्र मिळतं, वापरा, काही बिघडत नाही, पण अंडी त्यातून आडवी उभी दोनदा काढावी लागतात. आमच्याकडे मात्र शनिवारी सगळे टेबलाभोवती बसून सुरीनेच चिरतात, नणंद गाजर, माझा मुलगा काकडी, सासरे अंडी, आणि त्यात गावातल्या सगळ्या बातम्या होतात, म्हणून यंत्र कपाटातच राहतं.

काकडीबद्दल जरा जास्त सांगते कारण चुकायची जागा हीच आहे. दुकानात दोन प्रकारच्या बरण्या शेजारी शेजारी असतात. एकीवर कोन्सेर्व्होव्हे लिहिलेलं असतं, ती व्हिनेगरची, गोडसर. दुसरीवर किशोने, ती मिठाच्या पाण्यात आंबवलेली, तिच्यात नुसतं पाणी, मीठ, शेपूचे देठ, लसूण आणि हॉर्सरॅडिशचं झणझणीत मूळ असतं, आंबटपणा आपोआप येतो, इडलीचं पीठ जसं आंबतं तसंच. सॅलडला किशोने घ्या. व्हिनेगरवाली घातली की सॅलड एकदम टोचतं, आंबवलेलीने आंबटपणा सौम्य येतो. चिरून झाली की मुठीत धरून पाणी घट्ट पिळून टाका, नाहीतर सकाळी भांड्यात खाली पाणी साचलेलं दिसेल. मटारसुद्धा चाळणीत उपसून ठेवा. सफरचंद अगदी शेवटी चिरा, आणि लीक बारीक चिरून त्यावर उकळतं पाणी ओतून लगेच गार करून घ्या, म्हणजे त्याचा उग्रपणा जातो. भारतात कोणाला करायचं असेल तर छोट्या कोवळ्या काकड्या 1 लिटर पाण्याला साधारण 25 ते 30 ग्रॅम मीठ, लसूण आणि शेपू घालून काचेच्या बरणीत बुडवून ठेवायच्या, आपल्याकडच्या उन्हाळ्यात 3 ते 4 दिवसांत आंबतात, मग फ्रिजमध्ये.

मेयोनीजवर इथे खरोखर वाद होतात. एक गट कालिश शहरातल्या विनिअरी ब्रँडचा, घट्ट आणि सौम्य, दुसरा किएल्त्से शहरातल्या किएलेत्स्की ब्रँडचा, तो 1959 पासून बनतो आणि त्यात मोहरीचा तिखटपणा जास्त. तुम्ही स्वतः ठरवू नका, सासूबाईंना हळूच विचारा घरात कुठला चालतो, कारण ती गोष्ट इथे लोक लक्षात ठेवतात. माझ्या सासूबाई सांगतात की 1980 च्या दशकात जेव्हा मांस रेशनकार्डावर मिळायचं आणि दुकानाच्या फळ्या रिकाम्या असायच्या तेव्हा मेयोनीज आणि मटारचा डबा मिळणं म्हणजेच सण, सापडला की तो कपाटात डिसेंबरपर्यंत लपवून ठेवायच्या, आणि नसेल तेव्हा अंड्याचा बलक आणि तेल फेटून घरीच मेयोनीज करायच्या. बटाटे, गाजर, अंडी आणि घरी घातलेल्या काकड्या यांना रांग लावावी लागत नव्हती, म्हणून तेव्हाही टेबलावर हे सॅलड असायचंच. हे ऐकल्यापासून मी डबे उघडताना घाई करत नाही.

मिसळताना आधी भाज्या, काकडी, मटार, सफरचंद मोठ्या भांड्यात घालून हलक्या हाताने खालीवर करा, मग मिरपूड, मग मोहरी कालवलेलं अर्धं मेयोनीज, शेवटी अंडी. मीठ लगेच घालू नका कारण काकडी आणि मेयोनीज दोन्हीत मीठ असतं. झाकून फ्रिजमध्ये रात्रभर मुरू द्या, आपल्या लोणच्यासारखंच आहे, पहिल्या दिवशी सगळ्या चवी वेगवेगळ्या लागतात आणि दुसऱ्या दिवशी एकत्र येतात. सकाळी बटाट्याने मेयोनीज पिऊन घेतलेलं असतं आणि सॅलड कोरडं वाटतं, तेव्हा उरलेलं मेयोनीज लागेल तसं घाला, आणि मीठ तेव्हा चाखून. वर अर्धी अंडी, पार्सलीची पानं, एवढं पुरे. ईस्टरला शनिवारी दुकानं लवकर बंद होतात आणि रविवार, सोमवार पूर्ण बंद असतात, म्हणून सगळी खरेदी गुरुवारपर्यंत करा, शुक्रवारी उकडा, शनिवारी चिरा. टेबलावर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, छोट्या बाऊलमध्ये थोडं थोडं काढा, बाकीचं फ्रिजमध्ये, 2 ते 3 दिवस चांगलं राहतं.

एक गोष्ट मध्येच सांगावीशी वाटते. माझं माहेर कोल्हापूरचं. एका नामदिवसाला, म्हणजे इथे वाढदिवसासारखाच नावाचा दिवस करतात, नवऱ्याच्या नात्यातल्या एका आजी आल्या होत्या आणि माझं गाव ऐकून त्यांनी सॅलडचा चमचा खाली ठेवला, कारण त्यांच्या घरातलं कोणीतरी लहानपणी वळिवड्याला राहिलेलं. दुसऱ्या महायुद्धात 1943 ते 1948 कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती, सुमारे 5 हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. लहानपणी शाळेत जाताना मी त्याच रस्त्याने जायचे आणि मला काही माहीत नव्हतं. त्यानंतर त्या आजी दर वेळी माझ्याच शेजारी बसतात. तुमच्याही टेबलावर कोणी ना कोणी असं विचारेल, आईबाबा आलेत म्हटल्यावर तर नक्की, तेव्हा वळिवडे नाव त्यांनाही सांगून ठेवा.

आता आईबाबांचं. भाज्या, काकडी, मटार, सफरचंद मिसळून झालं की अंडी आणि मेयोनीज घालायच्या आधी दोन मोठे वाडगे बाजूला काढा, चमचाही वेगळा. त्यात पाणी काढलेलं घट्ट दही आणि अंड्याशिवायचं मेयोनीज निम्मं निम्मं, मोहरी जरा जास्त. नुसत्या दह्याने ते पातळ होतं, म्हणून मेयोनीज हवंच, इथल्या दुकानांत वेगन म्हणून मिळतं. पोलिश घरांतही हलकं व्हावं म्हणून बरेच जण मेयोनीजमध्ये दही किंवा आंबट साय मिसळतात, त्यामुळे सासूबाईंना ते विचित्र वाटणार नाही. मोहरी मात्र बघून घ्या, सारेप्स्का नावाची तिखट मिळते ती बाबांना आवडेल, माझ्या बाबांना तर भाकरीबरोबर लागते.