डॉक्टरांच्या मालिकेत सगळे अचानक गाऊ लागतात, असे भाग बघण्यासारखे असतात का?

तुमचा प्रश्न असा, की रुग्णालयावरच्या अमेरिकन मालिकांमध्ये एखाद्या भागात डॉक्टर, नर्स, पेशंट सगळेच गात सुटतात, ते ओढूनताणून आणलेलं वाटत नाही का? आणि बघायचाच झाला तर कोणता बघावा?

'स्क्रब्स' या विनोदी मालिकेतला 'माय म्युझिकल' बघा. सहाव्या सीझनचा सहावा भाग, जानेवारी २००७ मध्ये एनबीसीवर दाखवलेला. माझा अतिशय आवडता आहे, आणि आवडण्याचं मुख्य कारण म्हणजे त्यात कुणी उगाच गात नाही.

संगीत नाटकात पात्र मधेच पद का म्हणतं, असं आपण विचारत नाही. तिथे ते ठरलेलंच असतं. पण वर्षानुवर्षं बोलत आलेली माणसं एका आठवड्यात गायला लागली, तर प्रेक्षक कारण मागणारच. इथे ते कारण पेशंटच्या डोक्यात आहे. पॅटी मिलर नावाची बाई बेशुद्ध पडते आणि शुद्धीवर आल्यापासून तिला प्रत्येकाचं बोलणं गाण्यात ऐकू येतं. डॉक्टर आपले नेहमीसारखंच बोलतायत, गाणी फक्त तिला ऐकू येतात. हे ती सांगते तेव्हा साहजिकच सगळ्यांना वाटतं, हिचं डोकं फिरलंय. पुढे निदान होतं: मेंदूतल्या रक्तवाहिनीला मोठा फुगा आलाय. म्हणजे आपण ज्या गाण्यांवर खूश होऊन ठेका धरत होतो, ती तिच्या आजाराचं लक्षण होती. हे कळल्यावर आधीची सगळी धमाल वेगळीच वाटायला लागते.

मेंदूतल्या बिघाडामुळे नसलेलं संगीत ऐकू येणं ही वैद्यकशास्त्राला माहीत असलेली गोष्ट आहे. ऐकू कमी येणाऱ्या वयस्कर माणसांमध्येही ते आढळतं. अख्खं रुग्णालय सुरात बोलतंय असं वाटणं ही मात्र लेखकांची करामत.

गाणी करणाऱ्यांत 'अ‍ॅव्हेन्यू क्यू' या ब्रॉडवेवरच्या संगीतिकेचे जेफ मार्क्स आणि रॉबर्ट लोपेझ होते (हेच लोपेझ पुढे 'फ्रोझन'च्या गाण्यांमुळे घरोघरी पोचले). पॅटीचं काम करणारी स्टेफनी डॅब्रुझोही त्याच संगीतिकेतली. त्यामुळे दर्जा कुठेही शाळेच्या गॅदरिंगवर घसरत नाही. शौचाच्या तपासणीवरचं गाणं तर ऐकाच. काहीही होत असलं तरी आधी नमुना द्या, असं जे.डी. आणि टर्क हे दोघे तरुण डॉक्टर पेशंटला ठणकावून सांगतात, तेही ब्रॉडवेच्या पूर्ण थाटात. विनोद आचरट आहे, पण त्या तपासणीतून डॉक्टरांना खरोखरच बरंच कळतं. त्यांचा वरिष्ठ डॉ. कॉक्स, त्याची चिडचिड एका दमात म्हणायच्या भरधाव गाण्यात बसवलीय. तो माणूस एरवीही तसाच बोलतो, म्हणून ते त्याला शोभतं. नर्स कार्लाचं बाळ की नोकरी हे त्रांगडं मला तितकं भिडलं नाही. या भागाला एमी या टीव्ही पुरस्कारांची पाच नामांकनं होती, त्यातलं ध्वनिमिश्रणाचं पारितोषिक मिळालं.

ऑपरेशनच्या आधीचं गाणं मात्र हसवत नाही. पॅटी घाबरलेली असते आणि सगळे तिला धीर देतात, तू बरी होशील. नातेवाइकाच्या खाटेशेजारी बसून हे वाक्य ज्यांनी ऐकलंय त्यांना माहीत असेल, की बोलणाऱ्याला खात्री असतेच असं नाही, तरीही ते ऐकायला हवंच असतं. त्या वाक्याला चाल लागल्यावर मला रडू येतं, दरवेळी.

दुसरा प्रसिद्ध भाग 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी'चा, मार्च २०११ मधला. गरोदर डॉक्टर कॅली टोरेसचा अपघात होतो आणि जिवावर बेतलेलं असताना तिला सहकारी गाताना दिसतात. कॅलीच्या भूमिकेतल्या सारा रामिरेझ यांना रंगभूमीवरच्या कामासाठी २००५ चा टोनी पुरस्कार मिळालेला, त्यामुळे त्यांचं गाणं दणदणीत आहे. पण इथे गाणी नवी नाहीत. 'चेजिंग कार्स'सारखी, त्या मालिकेत पूर्वी वाजलेलीच गाणी पात्रं म्हणतात. जुन्या प्रेक्षकाला त्यामागचे प्रसंग आठवतात आणि गलबलून येतं. नव्या माणसाला मात्र प्रश्न पडेल, शस्त्रक्रिया सोडून ही मंडळी गातायत कशाला? म्हणून तो भाग आधीचे सहा सीझन पाहून झाल्यावरच बघा. 'माय म्युझिकल'ला अशी अट नाही. जे.डी. आणि टर्क जिवलग मित्र आहेत एवढं माहीत असलं की पुरे, आज रात्री लावा.