पक्षाघातानंतरचा न्यूमोनिया आणि स्टेम सेलचं सलाइन

प्रश्न : वडिलांना (वय ६८) पक्षाघात झाला, पाचव्या दिवशी न्यूमोनिया. स्टेम सेल (इतर पेशी तयार करू शकणाऱ्या मूळ पेशी) शिरेतून दिल्या की मेंदू आणि फुप्फुस दोन्ही सुधारतील, असं एका क्लिनिकमध्ये सांगतात. पैसे भरावेत का?

उत्तर : भरू नका. शिरेतून दिलेल्या पेशी आधी फुप्फुसातच अडकतात, हे खरं. त्या १५ ते ३० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तिथल्या केशवाहिन्या १० हूनही अरुंद. अडकलेल्या पेशी दाह कमी करणारी द्रव्यं सोडतात, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. पण भारतातच १२० रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२०१४) अस्थिमज्जेतल्या पेशींचा पक्षाघातात फायदा दिसला नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताचे काही विकार वगळता, हा उपचार मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतो. क्लिनिककडे सीटीआरआय (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा. चाचणीतल्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात.

फुप्फुसाचं खरं दुखणं बहुधा गिळण्यात असतं. घशाचे स्नायू लुळे पडतात, लाळ आणि पाणी श्वासनलिकेत उतरतं. पुष्कळांना तर ठसकाही लागत नाही. म्हणून गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडातून चमचाभर पाणी नको, गोळीही नको. नाकातून पोटात घातलेल्या नळीने भरवताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर ठेवा, नंतरही अर्धा तास तशीच. नळी असली तरी दात-जीभ दिवसातून किमान दोनदा पुसा, कारण तोंडातलेच जंतू खाली जातात. पुढे तोंडातून भरवू लागल्यावर आवाज ओलसर, घरघरता आला तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना कळवा.